अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या झुनी या आदिवासी लोकांच्या जुन्या मातीच्या भांड्यांना 'प्रतिकार' का म्हणतात? भांड्यात कसलं आलंय बंड?

मलाही आधी असंच वाटायचं, की बंड म्हणजे १६८०चं, जेव्हा प्वेब्लो गावांनी (म्हणजे झुनी आणि त्यांच्यासारख्या तिथल्या मूळ लोकांच्या वस्त्यांनी) एकजुटीने स्पॅनिशांना न्यू मेक्सिकोतून हाकलून लावलं, त्यात माठ-घागरींचं काय. पण मी नोकरीमुळे अल्बुकर्कीला राहते, आणि इथल्या म्युझियममध्ये ही भांडी पुन्हापुन्हा बघून माझं मत पार बदललं.

आधी हे बघा. १५४०मध्ये कोरोनाडो या स्पॅनिश सरदाराने झुनींचं हाविकू गाव लढून घेतलं, १६२९ला तिथे ख्रिस्ती पाद्र्यांचं मिशन आलं, आणि १६६१मध्ये तर पाद्र्यांनी प्वेब्लोंच्या कचिना नाचांवरच (मुखवटे घालून करायच्या धार्मिक नाचांवर) बंदी घातली, मुखवटे जप्त करून जाळले. म्हणजे जे जे विधी म्हणून डोळ्यांत भरेल ते सगळं धोक्यात. पण पाण्याची घागर कोण जप्त करणार? ती घरातली, बायकांनी केलेली, चाक नाही काही नाही, मातीच्या वळ्या एकावर एक रचून हाताने वर चढवायची, आणि त्याच बायका डोक्यावर चुंबळ ठेवून पाणी आणायच्या (हो, चुंबळच, फक्त युक्का नावाच्या झाडाच्या पानांची विणलेली).

बंडानंतर वेगवेगळ्या गावांतले झुनी डोवा यालाने नावाच्या डोंगरावर जाऊन एकत्र राहिले, आणि १६९२नंतर खाली उतरले ते हालोना या एकाच गावात, आजचं झुनी ते तेच. आणि नेमकी याच सुमारास भांडी बदलतात. आधीच्या नक्षीतला चकाकणारा शिशाचा रंग जातो, साधा मॅट तांबडा-काळा रंग येतो आणि त्यात पिसं काढलेली दिसतात, एक नाही दोन नाही, रांगच्या रांग. झुनींकडे पिसं म्हणजे प्रार्थना, पिसं बांधलेल्या काठ्या ते देवांना वाहतात. शिसं मिळेनासं झालं म्हणून चकाकी गेली असं कोणी म्हणेल, ठीक आहे, पण मग पिसं कुठून आली? काही अभ्यासकांचं म्हणणं असं की जे पुरुषांना पूजेच्या खोलीत लपवून करावं लागलं ते बायकांनी रोजच्या घागरीवर सगळ्यांदेखत काढलं, आणि मला ते शंभर टक्के पटतं.

एकदा जवळून बघा, गळ्याशी काळी रेघ गोल फिरत येते आणि जुळायच्या आत थोडी जागा सोडून थांबते. ती चूक नाही हो, ती वाट आहे, भांड्यातल्या जिवासाठी मोकळी ठेवलेली.

पण मला सगळ्यात जास्त भिडतं ते मातीत काय मिसळतात ते. जुन्या फुटक्या भांड्यांची खापरं कुटून, बारीक करून नव्या मातीत घालायची, म्हणजे आजीच्या घागरीची पूड नातीच्या घागरीत. बंदी आली, गावं सुटली, तरी हे थांबलं नाही. १८७९पासून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेच्या लोकांनी झुनीतून हजारो भांडी नेली, इतकी की पुढे जोसेफिन नहोहाई या झुनी कुंभारणीला आपल्याच लोकांची जुनी नक्षी बघायला स्मिथसोनियन गाठावं लागलं. आणि ती गेली, मुलांना सोबत घेऊन.