रंग सोडणारा सोफा: नवा घ्यावा की कापड बदलावं?

प्रश्न: दीड वर्षापूर्वी घेतलेल्या गडद निळ्या सोफ्याचा रंग अजून कपड्यांना लागतो. विक्रेता म्हणतो, "सुरुवातीला असं होतंच." घरात लहान मुलं आहेत. नवा सोफा हप्त्यांवर घ्यावा, की यावरचंच कापड बदलावं?

उत्तर: दीड वर्ष म्हणजे सुरुवात नव्हे. माझं मत कापड बदलण्याकडे आहे, पण आधी दोन गोष्टी तपासा.

पांढरा सुती रुमाल बोटाला गुंडाळून बैठकीवर दहा वेळा दाबून घासा, मग दुसरा रुमाल ओला करून तसंच करा. प्रयोगशाळेतही जवळपास हेच करतात आणि 1 ते 5 अशी श्रेणी देतात; 5 म्हणजे रंग लागलाच नाही. ओल्या घासणीत निकाल सहसा खालावतो. कोरडा रुमालही निळा झाला, तर रंग पक्का करायला मीठ-व्हिनेगरच्या नादी लागू नका. जादा रंग कापड रंगवल्यावर धुऊनच काढायचा असतो. सोफ्यावर ठोकून बसवलेल्या कापडातून तो जाणार कुठे? रुमालांचे फोटो जोडून विक्रेत्याकडे लेखी तक्रार करा आणि वॉरंटीच्या अटी वाचा. पैसे परत मिळाले तर पुढचा हिशोबच नको.

दुसरी तपासणी सांगाड्याची. पुढचा एक पाय वीतभर उचला. दुसरा पुढचा पायही लगेच उचलला गेला तर सांगाडा ताठ आहे. तो जमिनीलाच चिकटून राहिला तर सांगाडा पिळतोय. तसं असेल किंवा फोम बसला असेल, तर कापडावर खर्च करू नका. चादर टाकून वापरा आणि नव्यासाठी दरमहा बाजूला काढा.

सांगाडा धड असताना नवा सोफा घेणं म्हणजे चांगल्या लाकडाचे आणि फोमचे पैसे दुसऱ्यांदा मोजणं, वर हप्त्यांचं व्याज. आणि त्याचं कापड रंग सोडणार नाही कशावरून?

आता खरा मुद्दा. कापड कुठलंही आणा, मजुरी जवळपास तेवढीच लागते. समजा मजुरी 60 आणि स्वस्त कापड 40, असे 100 खर्च झाले आणि ते 3 वर्षं टिकलं. वर्षाला 33 पडले. दुप्पट किमतीचं कापड घेतलं तर खर्च 140, पण 8 वर्षं टिकलं तर वर्षाला साडेसतराच. म्हणून काटकसर कापडात करू नका. साध्या तीन आसनी सोफ्याला 54 इंची पन्ह्याचं साधारण 10 ते 14 मीटर कापड लागतं. मोठी नक्षी असेल तर जुळवताना आणखी वाया जातं, तेव्हा प्लेन घ्या.

दुकानात विचारा, "रंग धागा बनतानाच मिसळलाय का?" अशा अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलीप्रॉपिलीनमध्ये रंग धाग्याच्या आरपार असतो, त्यामुळे घासून सहसा निघत नाही आणि डाग पुसणंही सोपं. पॉलीप्रॉपिलीनला इस्त्री मात्र लावू नका. कापड किती वेळा घासलं तरी टिकतं हे सांगणारा मार्टिनडेल आकडा रोजच्या वापराला 25,000 च्या वर असला की पुरे. पण तो कापड झिजण्याचा आकडा आहे, रंग जाण्याचा नाही. विक्रेते तोच पुढे करतात. कापडाच्या लेबलवरच्या स्वच्छतेच्या खुणेत 'डब्ल्यू' म्हणजे पाण्याचं क्लीनर चालतं, 'एक्स' म्हणजे फक्त व्हॅक्यूम. लहान मुलांच्या घरात 'एक्स' फुकट मिळालं तरी नको. पीयूचं (पॉलीयुरेथेन या प्लास्टिकचं) नकली लेदर पुसायला छान, पण हवेतल्या दमटपणाने त्याचा थर सुटून पापुद्रे निघतात. मी घेणार नाही.

नमुन्याचा तुकडा घरी आणून त्यावरही रुमाल घासा. मग कारागिराकडून कापड आणि मजुरीचे आकडे वेगवेगळे लिहून घ्या. एकत्र आकड्यात हलकं कापड सहज खपतं. एखादा मीटर त्याच लॉटचा जादा घेऊन ठेवा, पुढच्या लॉटची छटा जुळेलच असं नाही.