डिपॉझिटमधून किती कापू द्यायचं?

प्रश्न : पुण्यात 3 वर्षं टू बीएचके भाड्याने घेतला होता. भाडं 24,000, डिपॉझिट 80,000 रुपये. लीव्ह अँड लायसन्स करार या 30 तारखेला संपतो. मालक 51,500 कापणार म्हणतात : पूर्ण घराचा रंग 26,000, सिंकखालची फुगलेली ट्रॉली 14,000, तडा गेलेलं बेसिन 4,500, गीझरची कॉइल 2,000, सफाई 5,000. दोन भिंती मुलाने तेलखडूने रंगवल्यात, बेडरूममध्ये बाहेरून ओल येते. सिंकचा पाइप गळत होता, तेव्हा मालकाला न सांगता खाली बादली ठेवली; ट्रॉली 7 वर्षं जुनी आहे. बेसिन आमच्या हातून फुटलं, कॉइल खाऱ्या पाण्याने गेली. पैसे मिळेपर्यंत चावी अडवून ठेवू का?

उत्तर : चावी अजिबात अडवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 24 नुसार मुदत संपल्यावर ताबा न देणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. तुमच्या बाबतीत महिन्याला 48,000. दोनच महिने ताणलंत तरी डिपॉझिटपेक्षा जास्त देणं तुमच्याच अंगावर येईल.

आता कपातीचं बघू. आधी करार काढून रंगाचं कलम वाचा. 'रंगकामापोटी एक महिन्याचं भाडं' असं काही लिहिलं असेल, तर त्यावर सही तुमचीच आहे. फार वाद घालता येणार नाही. नुसतं 'नेहमीची झीज वगळता' असं असेल, तर सगळ्या घराचा रंग तुमच्या माथी मारता येत नाही. मुलाने तेलखडूने रंगवलेल्या दोन भिंती मात्र तुमच्याच. मधलाच तुकडा रंगवला तर ठिगळ दिसतं, म्हणून भिंत पूर्ण धरायची : दोन्ही मिळून 220 चौरस फूट, 20 रुपये दराने 4,400. रंगाचं आयुष्य 5 वर्षं धरलं तर त्यातली 3 मालकाच्या भाड्यात वसूल झाली. उरलेल्या दोन वर्षांचे 1,760 तुम्ही द्यायचे. बेडरूममध्ये बाहेरून आलेल्या ओलीशी तुमचा संबंध नाही.

ट्रॉलीत तुमची बाजू पडती आहे. पाइप गळत असताना मालकाला न कळवता खाली बादली ठेवलीत, तोवर प्लायवुड पाणी पीत राहिला. एक व्हॉट्सॲप मेसेज केला असता तर हा खर्च त्यांचा ठरला असता. पण ट्रॉली 7 वर्षं जुनी आहे आणि भरपाई नव्या ट्रॉलीची नसते. आयुष्य 10 वर्षं धरून तीन दशांश, म्हणजे 4,200.

बेसिन तुमच्या हातून फुटलं. चिनी मातीची वस्तू वापरून झिजत नाही, तेव्हा 4,500 पूर्ण द्या. कॉइल खाऱ्या पाण्याने गेली हे खरं. तरी 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या यादीत गीझरची दुरुस्ती भाडेकरूकडे आणि भिंतींची रंगसफेदी मालकाकडे आहे. हा नमुना कायदा तुमच्या करारावर बंधनकारक नाही. पण रंगासाठी त्याचा दाखला द्यायचा असेल तर गीझरचे 2,000 निमूट सोडा. सफाईत चिकट चिमणी आणि ओट्यामागच्या टाइल्सचे 1,500 पुरेत.

एकूण 13,960. म्हणजे 66,040 परत मिळायला हवेत.

फरक 37,540 चा आहे. कोर्टात गेलात तर यातला मोठा भाग वकिलाकडेच जाईल, म्हणून 20,000 पर्यंतची कपात मान्य करून मोकळे व्हा. आजच प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, मीटरचं रीडिंग टिपा, वरचा हिशेब मालकाला ईमेलने पाठवा आणि प्रत्येक कामाचं कोटेशन मागा. 30 तारखेला चावी देऊन ताबा दिल्याची पोच घ्या. 'हिशेब पूर्ण झाला' या कागदावर सही मात्र पैसे खात्यात जमा झाल्यावरच.