ऑक्टोबरातलं आल्प्स : मुक्काम दोनच ठेवा, कुठे जायचं ते सकाळी ठरवा

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही नाशिकचे. मी, मिस्टर आणि माझे आईबाबा असे चौघं स्वित्झर्लंडला जायचं म्हणतोय, ग्रुप टूर नको, आपलं आपण. बाबा ७० चे आहेत, बीपीची गोळी चालू आहे, आईचे गुडघे दुखतात पण सपाटीवर ती छान चालते. नऊ-दहा दिवसात झुरिक, ल्युसर्न, इंटरलाकेन, झरमॅट, सेंट मॉरिट्झ असं सगळीकडे एक किंवा दोन रात्री राहायचं ठरवलंय. ऑक्टोबरच्या सुरुवातीला जावं की दिवाळीच्या सुट्टीत? आणि युंगफ्राऊ करावंच का?

उत्तर : आधी तारखेचं बोलते कारण बाकी सगळं त्यावर आहे. ऑक्टोबरचा पहिला-दुसरा आठवडा धरा, शक्यतो ५ ते १५ च्या मधे. दिवाळी ऑक्टोबरअखेरीला किंवा नोव्हेंबरात आली की तिकडे नेमका मधला काळ असतो, उन्हाळा संपलेला आणि स्कीइंग सुरू व्हायचं, म्हणून बऱ्याच रोपवे वार्षिक दुरुस्तीसाठी बंद ठेवतात, डोंगरातली हॉटेलंही डिसेंबरपर्यंत कुलूप लावतात, झरमॅट ते सेंट मॉरिट्झ जाणारी ग्लेशियर एक्स्प्रेस ही पर्यटकांची गाडी ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत धावत नाही, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे गेली की सव्वापाच-साडेपाचलाच अंधार. सुट्टी जुळते म्हणून त्या दिवसांत जाऊ नका.

आता तुमची यादी. पाच मुक्काम म्हणजे चार वेळा बॅगा भरा, स्टेशन गाठा, खोली दुपारी तीनला मिळेल तोवर थांबा, आईबाबांना घेऊन हे नको. शिवाय शरद ऋतूत तिकडची हवा अशी असते की घरून आखलेलं वेळापत्रक उपयोगाचं नाही. थंड हवा खाली दरीत आणि तळ्यावर साचते, त्यावर धुक्याचा थर बसतो, खाली दिवसभर करडं आणि हजार मीटरच्या वर लख्ख ऊन, खाली बघाल तर ढगांचा समुद्र. किंवा उलटं, आल्प्सच्या उत्तरेला पाऊस आणि रांग ओलांडून दक्षिणेला निळं आभाळ. म्हणून माझं सांगणं एवढंच की दोन ठिकाणी मुक्काम करा आणि आज कुठे जायचं ते रोज सकाळी नाश्त्याला ठरवा. जवळपास प्रत्येक शिखरावर लाइव्ह वेबकॅम आहे, तो बघायचा, मगच तिकीट काढायचं.

पहिला मुक्काम इंटरलाकेन, पाच रात्री, पण हॉटेल इंटरलाकेन ओस्ट स्टेशनच्या जवळच घ्या. डोंगराकडच्या गाड्या आणि ब्रिएन्झ तळ्याची बोट दोन्ही तिथूनच सुटतात आणि तो भाग सपाट आहे, आईंना सोपं. एक लक्षात ठेवा, लाउटरब्रुनेन आणि ग्रिंडेलवाल्डला जाणारी गाडी बहुधा एकच असते आणि वाटेत त्स्वायल्युचिनेनला तिचे दोन तुकडे होतात, तेव्हा डब्यावरची पाटी वाचूनच चढा, चौघं एकाच डब्यात.

स्वच्छ दिवस मिळाला की सगळं सोडून लाउटरब्रुनेनहून वेंगेन, तिथून रोपवेने मॅनलिखेन. वर साधारण २२०० मीटरवर तुम्ही असता आणि समोर आयगर, म्योंश, युंगफ्राऊ तिघं ओळीत. तिथून क्लायने शायडेगपर्यंत साडेचार किलोमीटरची रुंद वाट आहे, हळूहळू उतरत जाणारी, दीड तास धरा, आई असतील तर दोन. ऑक्टोबरात गवत पिवळं-तांबूस झालेलं असतं आणि उन्हाळ्याइतकी गर्दी नसते. आईंचा गुडघा त्या दिवशी नको म्हणत असेल तर त्यांनी आणि बाबांनी वेंगेनहून थेट गाडीने शायडेगला यावं, सगळे तिथे भेटा आणि मिळून ग्रिंडेलवाल्डला उतरा. फक्त मॅनलिखेनचा रोपवे ऑक्टोबरात कधी बंद होतोय ते बुकिंगच्या आधी बघा.

आता तुम्ही विचारलेलं युंगफ्राऊ, म्हणजे त्या शिखराशेजारची युंगफ्राऊयोख ही खिंड. तिथलं स्टेशन ३४५४ मीटरवर आहे, १९१२ पासून गाडी वर जाते, डोंगराच्या पोटातून बोगदा काढून, त्या कामाबद्दल मला अतोनात आदर आहे. पण सवलत नसेल तर जाण्यायेण्याचं भाडं माणशी २०० फ्रँकच्या वर जातं आणि बाबांना एकदम एवढ्या उंचीवर न्यायचं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. डॉक्टर हो म्हणाले आणि वेबकॅमवर वर ऊन दिसलं तरच जा. ढगात जाऊन पांढरी भिंत बघायला एवढे पैसे देऊ नका. नाही गेलात तरी म्युरेन आहे, मोटारी नसलेलं गाव, अगदी कड्याच्या टोकावर, तिथल्या बाकावर बसून तेच डोंगर दिसतात.

अर्धवट ढगाळ दिवशी ब्रिएन्झ तळ्यावर बोट घ्या आणि गीसबाख धबधब्याला उतरा, धक्क्यावरून वर जायला १८७९ सालची छोटी केबल रेल्वे आहे त्यामुळे चढ नाही. मुसळधार पाऊस असेल तर बर्न, तासाभराच्या आत, जुन्या शहरात एकूण सहा किलोमीटरचे छप्पर असलेले रस्ते आहेत, छत्रीशिवाय दिवसभर फिरता येतं. आणि इकडे पाऊस पण दक्षिणेला वालिसमध्ये, म्हणजे झरमॅटच्या भागात, ऊन असं दिसलं तर सकाळी लवकर निघून झरमॅट, २००७ साली झालेल्या ल्योचबेर्गच्या बोगद्यामुळे सव्वादोन तासात पोचता. म्हणून झरमॅटचा वेगळा मुक्काम काढूनच टाका.

दुसरा मुक्काम सेंट मॉरिट्झ नको, पाँट्रेसिना किंवा सामेदान घ्या, तीन-चार रात्री. मला विचाराल तर या ट्रिपचा जीव इथे आहे. शरदातला सोनेरी रंग लोक इंटरलाकेनला शोधतात आणि हिरमुसतात, कारण तो रंग लार्च नावाच्या झाडाचा आहे, सूचिपर्णी असूनही हे झाड थंडीआधी सगळ्या सुया पिवळ्या करून गाळून टाकतं आणि ते भरपूर वाढतं एंगाडीन (पाँट्रेसिनाचा हाच भाग) आणि वालिससारख्या आतल्या कोरड्या दऱ्यांत. ऑक्टोबरच्या मध्याला तिथे डोंगरच्या डोंगर पेटल्यासारखे दिसतात आणि वर नवं बर्फ. मोर्टेराच स्टेशनवर उतरून हिमनदीकडे सौम्य चढाची रुंद वाट जाते, कोणत्या साली बर्फ कुठपर्यंत होतं त्याच्या पाट्या वाटेत लावल्यात. शेवटी टोक किती लांब मागे गेलंय ते बघून पोटात कालवतं, पण बघाच.

तिथून एक दिवस बेर्निना रेल्वे. ओस्पित्सिओ बेर्निना २२५३ मीटरवर आणि शेवटचं तिरानो ४२९ मीटरवर, इटलीत, आणि एवढा उतार दातेरी रुळाशिवाय, नुसत्या वळणावळणांनी, ब्रुसिओला तर गाडी गोल पुलावरून फिरून त्याच पुलाखालून जाते. मोठ्या काचांच्या पॅनोरमा गाडीचं रिझर्वेशन मिळालं नाही तर हळहळू नका, त्याच रुळावरून साधी लोकल जाते, रिझर्वेशन लागत नाही आणि आल्प ग्र्युमला उतरून तासाभराने पुढची पकडता येते. व्हिसा तोच शेंगेन चालतो, पासपोर्ट मात्र जवळ ठेवा.

पास : रोज सकाळी ठरवायचं तर आठ दिवसांचा स्विस ट्रॅव्हल पास सोपा, ट्रेन, बस, बोट सगळं त्यात, वरच्या रोपवेला सवलत. तारखेला बांधलेले स्वस्त डे पास या पद्धतीला जमत नाहीत. खाण्याचं म्हणाल तर आल्प्लरमाग्रोनेन, म्हणजे मॅकरोनी-बटाटा-चीज आणि सोबत सफरचंदाचा गोडसर लगदा, आईंना आवडेल, फक्त ‘स्पेक नको’ सांगा, नाहीतर डुकराचं मांस येतं. रविवारी दुकानं बंद, शनिवारीच दही-ब्रेड आणून ठेवा.

प्रश्न : आम्ही म्युनिकला असतो, मुलं लहान, गाडी नाही. शनिवारी जाऊन येण्यासारखं काय?

उत्तर : बायर्न तिकीट घ्या, म्हणजे बव्हेरियातल्या लोकल गाड्यांचं एका दिवसाचं तिकीट, पाच जणांपर्यंत एका तिकिटावर चालतं आणि सकाळी नऊनंतरच निघायची अटही शनिवार-रविवारी नसते. मिटेनवाल्ड सगळ्यात सोपं, थेट लोकल, गावातून निघालं की कारवेंडेल डोंगररांगेचे कडे समोरच. दुसरं जमवायचंच असं म्हणजे ग्रोसर आहोर्नबोडेन, शेकडो वर्षांच्या मेपलच्या झाडांचं पठार, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पिवळंधमक. लेंगग्रीसपर्यंत ट्रेन, पुढे सीझनमधली बस. बस थोड्याच असतात, परतीची शेवटची कधी ते निघायच्या आधी लिहून घ्या आणि मुलांना टोप्या घाला.