यातला खरा आकडा कोणता?

"ताई, सकाळी १२८, दुपारी १४६, रात्री दोन वाजता १७४. माणूस तोच, मशीन तेच. मग यातला खरा आकडा कोणता?"

सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या काकांचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) डॉक्टरांनीच त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं. दिवसातून दहा-पंधरा वेळा ते बीपी मोजत. रात्री जाग आली की धडधडायचं, की लगेच मशीन. आकडा जास्त आला की घाबरून पुन्हा मोजायचं, आणि तो आणखी वाढलेला असायचा. दोनदा मध्यरात्री दवाखाना गाठून झाला, ईसीजी व्यवस्थित निघाला. काकू वैतागल्या होत्या. "ही सवत आणून बसवलीय यांनी घरात. जेवताना शेजारी, झोपताना उशाशी."

मी म्हटलं, घरी मोजता तसं आत्ता माझ्यासमोर मोजा. काका बाकाच्या टोकाला टेकले, शर्टाच्या बाहीवरूनच कफ, म्हणजे मशीनचा दंडाला बांधायचा पट्टा, गुंडाळला, हात मांडीवर ठेवला आणि दादांची, म्हणजे थोरल्या भावाची, हकिगत सांगत सांगत बटण दाबलं. येण्याआधी चहा झाला होता, तंबाखूची चिमूटही. दंड टेपने मोजला तर ३५ सेंटीमीटर भरला. कफवर छापलं होतं २२ ते ३२. कफ लहान पडला की आकडा फुगतो. बोलताना मोजलं, हात हृदयाच्या पातळीखाली राहिला, लघवी तुंबलेली असली तरी फुगतो. चहा-तंबाखूनंतर निदान अर्धा तास मोजूच नये. त्यांच्या वहीतल्या कितीतरी आकड्यांमध्ये हे सगळं मिसळलेलं होतं.

त्यांच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं ते असं : प्रत्येक आकडा त्या क्षणापुरताच असतो. रक्तदाब तासातासाला बदलतो, बदलायलाच हवा. उपचार ठरतो तो सरासरीवर. मोठा कफ घ्या. खुर्चीला पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून, उघडा दंड टेबलावर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. मग एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, असे सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर असेल तर बीपी वाढलेलं आहे असं धरतात. दवाखान्यात हीच रेघ १४०/९० ला असते, कारण तिथे बऱ्याच जणांचा दाब नुसत्या धास्तीनेही चढतो.

एवढ्याने काम भागलं नसतं. रात्रीचं मोजणं बंद करा म्हणताच काका कासावीस झाले. म्हणून मी त्यांना वेगळं काम दिलं : जाग आली की आकडा लिहायचा नाही, त्या वेळी मनात काय आलं ते एका ओळीत लिहायचं. पुढच्या भेटीत त्यांनी वही उघडली. पहिल्या पानावर दोनच शब्द होते : "दादाचा हात."

थोरल्या भावाला गेल्या वर्षी लकवा झाला होता. उजवा हात अजून उचलत नाही. त्या पहाटे काकाच त्यांना घेऊन दवाखान्यात गेले होते. खोदून विचारल्यावर कळलं, की "बरं वाटतंय" म्हणून दादांनी बीपीची गोळी स्वतःच सोडली होती. वाढलेलं बीपी बहुतेकांना जाणवतच नाही, म्हणून बरं वाटण्यावर विसंबता येत नाही. आणि एवढं पाहूनही काका तेच करत होते : १२४ दिसलं की गोळीला सुट्टी, १७० दिसलं की अर्ध्या रात्री गोळी. कारण विचारलं तर म्हणाले, "एकदा सवय लागली की आयुष्यभर सुटत नाही म्हणतात."

ही समजूत मला घरोघरी भेटते आणि तिची फार काळजी वाटते. या गोळीचं व्यसन लागत नाही. ती बंद केल्यावर दाब पुन्हा चढतो, कारण मुळात दाब वाढवणारी कारणं शरीरात तशीच असतात. काकांची गोळी अ‍ॅम्लोडिपिन. रोज घेतली तर तिचा पूर्ण परिणाम दिसायला आठवडाभर तरी लागतो. मध्यरात्री घाबरून गिळल्याने दाब लगेच उतरत नाही. आणि १२४ आलं ते गोळीमुळेच. वजन आणि मीठ कमी केल्यावर काहींचा डोस कमी होतो, पण तो डॉक्टरांनी करायचा.

मिठावरून काकूंशी बोलले. माणशी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सगळं मिळून जेमतेम चहाचा एक चमचा. खरडा, लोणचं, पापड, फरसाण यांतलंही त्यातच मोजायचं. सैंधव चालेल म्हणून त्यांनी ते सुरू केलं होतं, पण तेही सोडियमच. गुडघ्यासाठी काका मेडिकलमधून परस्पर डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी आणत. त्यानेही दाब वाढतो, हे डॉक्टरांना सांगायला लावलं.

एक गोष्ट मात्र दोघांकडून पाठ करून घेतली. छातीत दाटलं, धाप लागली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर मशीन शोधायचं नाही, थेट १०८. असा काहीच त्रास नसताना १८०/१२० च्या वर आलं तर शांत बसून थोड्या वेळाने पुन्हा मोजायचं, आणि तेवढंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं.

पहिल्या आठवड्याची सरासरी १४२/८८ आली. काकांचा चेहरा उतरला, पण मला ते कळणं मोलाचं वाटलं : भीती अवाजवी होती, तरी बीपी खरंच होतं. डॉक्टरांनी गोळी तीच ठेवली, रोज सकाळी, न चुकता. महिन्याभराने पुन्हा आठवडाभर मोजलं तेव्हा १३१/८२. रात्रीची जाग अजून अधूनमधून येते. मशीन काकूंच्या कपाटात असतं.

परवा काकांचा फोन आला. आता दादांचंही बीपी लिहून ठेवायचं होतं, कुठल्या हाताला कफ बांधू म्हणून विचारत होते. डाव्या, म्हणजे चांगल्या हाताला, आणि रोज त्याच.