कॉलेजच्या मुलांना स्वतःच्या शिकण्याकडे बघायला आणि गावाची जबाबदारी घ्यायला कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की जळगाव जिल्ह्यात एका कॉलेजात नव्याने रुजू झालात, प्रथम वर्षाचा फील्ड प्रोजेक्ट तुमच्याकडे आला, आणि बहुतेक वह्यांत एकच वाक्य सापडलं: ‘या उपक्रमातून मला खूप काही शिकायला मिळालं.’ मी शेजारच्या धुळे जिल्ह्यात शिकवतो आणि राष्ट्रीय सेवा योजनेचं काम बरीच वर्षं बघतो. हे वाक्य मलाही पाठ आहे.

मुलं कामचुकार नसतात. ‘काय शिकलात?’ असं विचारलं की असंच उत्तर येणार. त्याऐवजी गावात जाण्याआधीच प्रत्येकाकडून लिहून घ्या: ‘तिथल्या अडचणीचं कारण तुला काय वाटतं?’ कागद स्वतःजवळ ठेवा आणि परत आल्यावर ज्याचा त्याला द्या. आधीचं लिहून घेतलेलं नसेल तर नंतर प्रत्येकाला वाटतं की आपल्याला हे माहीतच होतं. स्वतःच्या अक्षरातली जुनी समजूत समोर आली की मूल खरोखर विचारात पडतं.

आमच्या एका सात दिवसांच्या शिबिरात गटारं साफ करायची होती. जाण्याआधी बऱ्याच मुलांनी लिहिलं होतं, ‘लोकांना स्वच्छतेची जाणीव नाही.’ काम करताना दिसलं की गटार शेवटच्या घरापाशी संपतं, पुढे पाण्याला वाटच नाही. तिथल्या आजी रोज सकाळी साचलेलं पाणी बादलीने उपसून लांब टाकत होत्या. एका मुलीने नंतर लिहिलं, ‘ज्यांना मी बेफिकीर म्हटलं, त्या माझ्यापेक्षा जास्त सफाई करतात.’ एवढं एक वाक्य मला दहा पानांच्या अहवालापेक्षा मोलाचं वाटतं.

इथे थांबलो असतो तर नुसती हळहळ उरली असती. म्हणून पुढचा प्रश्न: हे काम कोणाचं, आणि पैसा कुठून येतो? मुलांनी मोबाइलवर ई-ग्रामस्वराज, म्हणजे ग्रामपंचायतींचे आराखडे दाखवणारं सरकारी पोर्टल, उघडून त्या गावाचा विकास आराखडा पाहिला. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळातल्या पंचायतींच्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखून ठेवलेली, हे कळल्यावर त्यांचे प्रश्न एकदम धारदार झाले. मग प्रत्येकाला आपापल्या गावाचा आराखडा बघायला लावला. काहींना तिथे ओळखीच्या रस्त्याचं नाव दिसलं आणि वर्गात गलका झाला.

जबाबदारी शिकवायची खरी जागा ग्रामसभा आहे, असं माझं ठाम मत आहे. गावच्या मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती तिची सदस्य असते. म्हणजे अठरा पूर्ण झालेल्या मुलाने नमुना ६ भरून नाव नोंदवलं की तोही सदस्य. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी सहसा ग्रामसभा असते. मुलांना सांगा, बोलायची घाई नको. कोण बोललं, कोण गप्प बसलं, बायका कुठे बसल्या, कुठला विषय पुढे ढकलला, एवढंच टिपून आणा. मुली गेल्या तर महिलांच्या ग्रामसभेचंही टिपतील. शहरातल्या मुलांना आपल्या वॉर्डातली एखादी तक्रार लावून धरायला सांगा.

भाषेचं भान ठेवा. घरी अहिराणी, लेवा बोली, पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलांना प्रमाण मराठीत मनातलं लिहिताना अवघडायला होतं, म्हणून ती पुस्तकी वाक्यांचा आडोसा घेतात. मनन, म्हणजे अनुभवावरचा स्वतःचा विचार, कुठल्याही बोलीत लिहिलं तरी चालेल असं मी पहिल्याच दिवशी सांगतो. लिहिणं लगेच मोकळं होतं.

जमलं तर साक्री तालुक्यात पांझरा नदीच्या काठची फड पद्धत दाखवायला न्या. बंधाऱ्याचं पाणी शेतकऱ्यांनी आपसात पाळीने वाटून घ्यायचं, पाट मिळून साफ करायचे, कुठल्या फडात, म्हणजे शेतांच्या गटात, काय पेरायचं तेही मिळून ठरवायचं. कौतुक करून परत येऊ नका. शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचतं का, आणि नाही पोचलं तर शेतकरी कोणाकडे जातो, हे मुलांनीच त्यांना विचारावं.

गुणांबद्दल एकच सांगतो. भावनेला गुण देऊ नका, नाहीतर मुलं भावना बनवून लिहितील. तपशील किती नेमका आहे आणि समजूत कुठे बदलली हे दाखवलंय का, तेवढंच तपासा. सगळ्या वह्या दर आठवड्याला वाचणं झेपत नाही. थोड्या घ्या, पण प्रत्येकीत खाली एक खरा प्रश्न लिहून परत करा. तुम्ही वाचता हे मुलांना कळलं की पुढचं पान ती बदलून लिहितात.