व्हर्जिनियाने काय बदललं, काय ठेवलं

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. पत्र वाचलं. तुझा बास्केटबॉल संघ एक स्पर्धा हरला म्हणून मॅन-टू-मॅन बचाव (प्रत्येकाने एकेका प्रतिस्पर्ध्याला अडवायचं) सोडून झोनवर (प्रत्येकाने मैदानाचा एकेक भाग राखायचा) जायचं आणि सगळे सेट, म्हणजे आक्रमणाच्या ठरलेल्या चाली, नव्याने बसवायचे, असं तुझ्या मनाने घेतलंय. घाई करू नकोस. आधी व्हर्जिनिया विद्यापीठाचे तेव्हाचे प्रशिक्षक टोनी बेनेट यांचे २०१८ आणि २०१९ चे सामने नीट बघ.

मार्च २०१८ मध्ये व्हर्जिनिया अमेरिकेतल्या कॉलेज संघांच्या एनसीएए स्पर्धेतला अव्वल मानांकित संघ होता. पहिल्याच फेरीत सोळाव्या, म्हणजे सर्वात खालच्या मानांकनाच्या यूएमबीसी विद्यापीठाने त्यांना ७४-५४ असं लोळवलं. पुरुषांच्या स्पर्धेत असं आधी कधीच घडलं नव्हतं. मध्यंतराला स्कोअर २१-२१ होता, म्हणजे दुसऱ्या हाफमध्ये एकट्या यूएमबीसीने ५३ गुण ठोकले! अशा रात्रीनंतर भल्याभल्यांनी सगळंच मोडीत काढलं असतं.

बेनेटनी बचावाला हात लावला नाही. त्यांचा ‘पॅक लाइन’ वडिलांकडून, डिक बेनेट यांच्याकडून आलेला. बॉलवाल्यावर एकजण जोरात दबाव टाकतो, बाकीचे चौघे थ्री-पॉइंट रेषेच्या (जिच्या बाहेरून टाकलेल्या बास्केटला तीन गुण) आतल्या एका काल्पनिक कमानीत सरकून उभे राहतात. ड्राइव्ह करणाऱ्याला, म्हणजे बॉल घेऊन बास्केटकडे घुसणाऱ्याला, समोर नुसती माणसं दिसतात. हा बचाव तसाच राहिला, संथ लयही राहिली.

भर पडली ती आक्रमणात. आधी मोठे खेळाडू स्क्रीन लावत (बचाव करणाऱ्याच्या वाटेत आडवे उभे) राहायचे आणि शूटर त्यांच्याभोवती फिरून मोकळे व्हायचे. हेही वडिलांचंच. पण दहा गुणांनी मागे पडल्यावर बॉल हातात घेऊन काहीतरी घडवणारा माणूस लागतो. म्हणून पुढच्या मोसमात त्यांनी जोडीला बॉल स्क्रीनची, म्हणजे बॉलवाल्यासाठीच लावलेल्या स्क्रीनची, साखळी आणली. त्यांच्या टाय जेरोमला वर स्क्रीन मिळाला, मोठा खेळाडू रोल झाला, म्हणजे वळून बास्केटकडे धावला. काही निघालं नाही तर बॉल दुसऱ्या बाजूला आणि तिथे पुन्हा स्क्रीन. एकाच पझेशनमध्ये (बॉल एकदा ताब्यात असताना) बचावाची दोन-तीनदा परीक्षा. एप्रिल २०१९ मध्ये टेक्सास टेकला ओव्हरटाइममध्ये ८५-७७ हरवून ते विजेते झाले. मला या खेळातला याहून धाडसी संयम माहीत नाही.

आणखी दोन प्रशिक्षक बघ. इंडियाना विद्यापीठाच्या बॉब नाइटना थ्री-पॉइंट रेषा मुळीच आवडत नव्हती. ती १९८६-८७ मध्ये कॉलेजच्या खेळात सगळीकडे आली आणि त्याच मोसमाच्या अंतिम सामन्यात त्यांच्या स्टीव्ह अल्फर्डने दहापैकी सात थ्री टाकले. स्क्रीनमागून शूटर मोकळा काढणं त्यांच्या मोशन ऑफेन्समध्ये (सतत हालचालीवर चालणाऱ्या आक्रमणात) मुरलेलंच होतं. आता तो रेषेबाहेर मोकळा होऊ लागला, इतकंच.

नॉर्थ कॅरोलिनाच्या डीन स्मिथ यांचं फोर कॉर्नर्स हे डावपेच मात्र नियमानेच संपवलं. आघाडी मिळाली की चौघे चार कोपऱ्यांत आणि मध्ये एकजण वेळ खात बॉल खेळवतोय, हे १९८५-८६ मध्ये ४५ सेकंदांचं शॉट क्लॉक (तेवढ्या वेळात शॉट घ्यायलाच हवा) आल्यावर कसं चालणार? तरी १९९३ मध्ये स्मिथ पुन्हा विजेते ठरले. फोर कॉर्नर्स हे त्यांचं एक हत्यार होतं, त्यावर त्यांचा अख्खा संघ उभा नव्हता.

नक्कल करताना एक ध्यानात ठेव. अमेरिकेतल्या कॉलेजच्या पुरुषांच्या खेळात आता शॉटसाठी ३० सेकंद मिळतात, तुझ्या मुलांना २४. बॉल तीनदा बाजू बदलेपर्यंत तुझं क्लॉक संपत आलेलं असेल; साखळी दोन स्क्रीनवर थांबव. त्यांची थ्री-पॉइंट रेषा मात्र २०१९-२० पासून तुमच्याइतकीच आहे, ६.७५ मीटर. पाचही जणांनी तिथून मारायचं तुझ्या डोक्यात आहे, पण सरावात तिथून सातत्याने कोण टाकतो ते आधी मोज.

आता शेवटच्या सामन्याचा व्हिडिओ लाव आणि खाल्लेली प्रत्येक बास्केट वहीत लिही: ड्राइव्हवर गेली, हुकलेल्या शॉटच्या रिबाउंडवर, की आपल्याच टर्नओव्हरवर (बॉल गमावल्यावर). निम्म्याहून जास्त टर्नओव्हरवर गेल्या असतील, तर झोन बसवून काहीही हाती लागणार नाही. वही भरली की फोन कर, मग सेटचं बोलू.

तुझा,
सर