मूडल या ऑनलाइन शिक्षण-प्रणालीवरची प्रमाणपत्र परीक्षा उमेदवारांच्या घरून घ्यायची आहे. प्रॉक्टरिंगचं (परीक्षेवर दुरून नजर ठेवण्याचं) सगळं कसं सांभाळायचं?

तुम्ही लिहिलंय की २०० उमेदवार आहेत, ४० बहुपर्यायी प्रश्न, दोन तास, सगळे आपापल्या घरून बसणार, आणि कॅमेरा लावायचा हे ठरलेलं आहे. माझं म्हणणं, कॅमेऱ्याचं नंतर बघा. आधी प्रश्नपेढी मोजा.

पेढीत ६० प्रश्न असतील आणि प्रत्येकाला त्यातले कुठलेही ४० येणार असतील, तर कुठल्याही दोघांच्या पेपरात सरासरी २७ प्रश्न सारखे निघतात. हिशेब सोपा आहे: ४० गुणिले ४०, भागिले पेढीतले प्रश्न. पेढी १६० वर नेली की हाच आकडा १० वर येतो आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर उत्तरं फिरवण्यात फारसा अर्थ उरत नाही. प्रश्न मात्र एकाच ढिगातून उचलू नका. सोपे, मध्यम, अवघड अशा वेगळ्या कॅटेगरी करून प्रत्येकीतून ठरलेली संख्या उचला, नाहीतर एखाद्याच्या वाट्याला अवघडच पेपर येतो आणि त्याची तक्रार खरी असते. पर्यायांचा क्रम बदलता ठेवणार असाल तर ‘वरीलपैकी सर्व’ हा पर्याय आधी शोधून काढून टाका. क्रम बदलताना तो सगळ्यात वरही येऊन बसू शकतो.

आता क्विझच्या, म्हणजे मूडलमधल्या पेपरच्या, सेटिंग. वेळ संपल्यावर पेपर आपोआप सबमिट होईल असं ठेवा आणि सर्व्हरवर क्रॉन (ठरलेली कामं वेळोवेळी आपोआप करणारी सोय) दर मिनिटाला चालतोय याची खात्री करा. क्रॉन अडकला तर ज्यांचा ब्राउझर मध्येच बंद पडला त्यांचे पेपर ‘इन प्रोग्रेस’ म्हणून लटकत राहतात. रिव्ह्यू ऑप्शनमधल्या (उमेदवाराला उत्तरं-गुण कधी दिसतील ते ठरवणाऱ्या) खुणा परीक्षा बंद होईपर्यंतच्या सगळ्या रकान्यांतून काढा. हीच पेढी पुढच्या बॅचला वापरणार असाल तर बरोबर उत्तर नंतरही दाखवू नका.

सेफ एक्झाम ब्राउझर, म्हणजे परीक्षेपुरता बाकी सगळं बंद ठेवणारा ब्राउझर, झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात तयार झाला आणि मूडल ३.९ पासून, म्हणजे २०२० पासून, क्विझच्या सेटिंगमध्येच त्याची सोय आहे. दुसरी खिडकी उघडणं, कॉपी-पेस्ट, स्क्रीन शेअर करणं त्याने अडतं. पण तो विंडोज, मॅक आणि आयपॅड-आयफोनवरच चालतो, अँड्रॉइडवर नाही. आपल्याकडे बऱ्याच उमेदवारांकडे फक्त अँड्रॉइड फोन असतो, त्यामुळे ‘लॅपटॉप अनिवार्य’ ही अट फॉर्म भरतानाच लिहा, परीक्षेच्या आदल्या दिवशी नाही. शेजारी ठेवलेला दुसरा फोन या ब्राउझरला दिसत नाही हेही लक्षात असू द्या. कॅमेरा लागतो तो त्यासाठी, आणि समोरच्या कॅमेऱ्यालाही मांडीवरचा फोन दिसत नाहीच. दुसरा फोन तिरका, मागच्या बाजूला ठेवून टेबल दाखवायला सांगितलं तर तो पकडता येतो, पण तेवढी सोय किती जणांकडे आहे ते आधी विचारा.

सलग व्हिडिओ की ठरावीक अंतराने फोटो? मी फोटोच्या बाजूने. ३०० केबीपीएसचा व्हिडिओ तासाला १३५ एमबी होतो; दोन तास आणि २०० जण म्हणजे ५४ जीबी, आणि तेवढा अपलोड उमेदवाराच्या मोबाइल डेटावर. दर ३० सेकंदांनी ४० केबीचा एक फोटो घेतला तर सगळ्यांचा मिळून दोन जीबीच्या आत बसतो. साइट एचटीटीपीएसवर (https ने सुरू होणाऱ्या सुरक्षित पत्त्यावर) नसेल तर ब्राउझर कॅमेरा उघडतच नाही. दुसऱ्या अॅपच्या आतच उघडलेल्या पानातही परवानगीचा घोळ होऊ शकतो, म्हणून पत्ता टाइप करूनच यायला सांगा. पाठीमागे खिडकी असली की चेहरा काळा पडतो आणि फोटो तपासणारं सॉफ्टवेअर ‘चेहरा नाही’ असं नोंदवतं. खिडकी समोर हवी.

परीक्षेच्या तीन-चार दिवस आधी दहा मिनिटांची सराव क्विझ ठेवा: तीच सेटिंग, तोच लॅपटॉप, तीच जागा, हवे तितके प्रयत्न. मुख्य परीक्षेवर रिस्ट्रिक्ट अॅक्सेसमध्ये अट घाला की सराव पूर्ण असेल तरच ती उघडेल. कॅमेऱ्याच्या बहुतेक अडचणी तिथेच निघतात.

प्रत्यक्ष दिवशी तुमची धावपळ होणार ती कॉपीमुळे कमी आणि वीज-नेटमुळे जास्त. मूडलचं घड्याळ सर्व्हरवर चालतं. उमेदवाराकडे लाइट गेली तरी ते थांबत नाही. उत्तरं साधारण मिनिटामिनिटाला आपोआप साठतात, तेव्हा लिहिलेलं फारसं जात नाही, जाते ती वेळ. पंधरा मिनिटं गेली असतील तर युझर ओव्हरराइडमधून (एका उमेदवारापुरती वेगळी सेटिंग) त्याची टाइम लिमिट १२० ची १३५ करा, क्लोज टाइमही पुढे न्या, आणि त्याला पान रिफ्रेश करायला सांगा. हे वेळ संपायच्या आत व्हायला हवं. पेपर एकदा सबमिट झाला की वेळ वाढवून उपयोग नाही, मग ओव्हरराइडने एक जादा प्रयत्न द्यावा लागतो आणि त्यात प्रश्न नवे येतात. म्हणून एक माणूस फक्त ओव्हरराइडला बसवा, एक फोनवर, बाकीचे पाहणीला. एका पाहणाऱ्याला १५ पेक्षा जास्त चेहरे देऊ नका. दोनशे जणांनी एकाच मिनिटाला ‘अटेम्प्ट’ दाबलं की छोटा सर्व्हर गुडघे टेकतो. ५०-५० चे गट करून ग्रुप ओव्हरराइडने पंधरा मिनिटांच्या अंतराने सोडा. पेढी मोठी असेल तरच हे परवडतं.

ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर दाखवून घ्या, पण त्याचा फोटो साठवू नका. आधार असेल तर पहिले आठ अंक झाकलेलं मास्क्ड आधार पुरतं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ सालचा आहे, तेव्हा काय टिपणार, कशासाठी आणि किती दिवस ठेवणार हे फॉर्मवर मराठीत लिहून संमती घ्या. ‘खोलीभर कॅमेरा फिरवा’ हा आग्रह मला पटत नाही. अमेरिकेत ओहायोच्या फेडरल न्यायालयाने २०२२ मध्ये एका सरकारी विद्यापीठाची अशी झडती घटनाविरोधी ठरवली होती. आपल्याला तो निकाल लागू नाही, पण एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाचा विचार तरी व्हावा.

सॉफ्टवेअरने लाल खूण केली म्हणून कुणाला नापास करू नका. खूण म्हणजे ‘इथे बघा’ एवढंच. फोटोची वेळ आणि त्या प्रश्नाचा प्रतिसाद-इतिहास (कुठलं उत्तर कधी दिलं, कधी बदललं) शेजारी ठेवा. नजर हलली पण उत्तर बदललं नाही, तर सोडून द्या. बारा ओळींचे सलग पाच प्रश्न पाच-पाच सेकंदांत बरोबर आले असतील, तर दोघांनी स्वतंत्र बघावं आणि उमेदवाराचं म्हणणं लेखी घ्यावं.

याला दिवस लागतात आणि तोवर प्रमाणपत्र आपोआप सुटता कामा नये. ग्रेडबुकमध्ये (मूडलच्या गुणपत्रकात) ‘पडताळणी’ नावाचा हाताने भरायचा रकाना करा आणि प्रमाणपत्रावर दोन अटी घाला: क्विझमध्ये उत्तीर्ण, आणि पडताळणीत १००. ज्यांच्यावर काहीच खूण नाही त्यांचे १०० त्याच संध्याकाळी सीएसव्ही फाइलने एकदम चढवता येतात.